वाचकांचे प्रश्न : बेकेलाइटचे उद्योगपती लिओ बेकलंड

प्रेशर कुकरचे काळे हँडल आचेच्या इतक्या जवळ असूनही का वितळत नाही, या प्रश्नाला गेल्या अंकात उत्तर देताना, ते हँडल बेकेलाइट या उष्णतेने न वितळणाऱ्या प्लॅस्टिकचे असते हे सांगून, त्याचे शोधक लिओ बेकलंड यांचा ओझरता उल्लेख केला होता. बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत जाऊन उद्योगपती झालेल्या या रसायनतज्ज्ञाविषयी अधिक लिहावे, अशी पत्रे विशेषतः नाशिक परिसरातून आली. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत विजेच्या उपकरणांचे भाग घडवणारे अनेक लहान कारखाने असल्यामुळे हे कुतूहल स्वाभाविक आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अंबडच्या एका मोल्डिंग शॉपमध्ये प्रेस ऑपरेटर आहे. आमचे जुने फोरमन फिनॉलिक पावडरला (फिनॉलपासून बनलेल्या राळेच्या पावडरला) अजूनही बेकेलाइटच म्हणतात. हा शोध अपघाताने लागला, असे मी वाचले आहे. ते खरे आहे का? आणि आमच्या शेजारच्या इंजेक्शन विभागात रनर (साच्याच्या वाटेत उरलेले प्लॅस्टिकचे तुकडे) दळून पुन्हा वापरतात, तसा आमचा रिजेक्ट माल का वापरता येत नाही?
(एक वाचक, अंबड)

उत्तर : अपघाताची गोष्ट आकर्षक असली, तरी बेकलंड यांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र आले की चिकट, राळेसारखा पदार्थ तयार होतो, हे जर्मन रसायनतज्ज्ञ आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना स्फटिकरूप, शुद्ध पदार्थ हवे असत. भांड्याच्या तळाशी घट्ट बसणारा आणि कशानेही न विरघळणारा हा गाळ त्यांच्या दृष्टीने केवळ उपद्रव होता. पुढे काहींनी त्याचा उपयोग करून पाहिला, पेटंटेही घेतली, पण ती क्रिया एकदा जोर धरू लागली की आवरत नसे. ती सावकाश व्हावी म्हणून बहुतेकांनी तापमान कमी ठेवले, आणि मग पदार्थ ठिसूळ तरी होई किंवा वाळायला फार वेळ तरी घेई.

बेकलंड यांनी आपले सहायक नॅथॅनिएल थर्लो यांच्यासह या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांना प्रथम हवी होती ती लाखेची जागा घेणारी राळ. तशी एक राळ त्यांनी बनवलीही. नोव्होलॅक हे तिचे नाव. व्यापारात तिला म्हणावे तसे यश आले नाही. १९०७ च्या उन्हाळ्यात हे मिश्रण लाकडात मुरवून लाकूड कठीण करता येते का, हे ते बंद नळ्यांमध्ये तापवून पाहत होते. त्या प्रयोगांत लाकडापेक्षा नळीत उरलेला कठीण पदार्थच अधिक मोलाचा आहे, हे त्यांनी ओळखले. इतर जण उष्णता कमी करत होते, तर त्यांनी ती वाढवली आणि जोडीला दाब दिला. या क्रियेत पाण्याची वाफ आणि वायू सुटतात, त्यामुळे पदार्थ फसफसून स्पंजासारखा होतो. बाहेरून पुरेसा दाब असेल, तर बुडबुडे धरतच नाहीत आणि एकसंध, टणक वस्तू मिळते. ‘उष्णता आणि दाब’ या नावाने ओळखला जाणारा पेटंट अर्ज त्यांनी १३ जुलै १९०७ रोजी दाखल केला, आणि ७ डिसेंबर १९०९ रोजी ते पेटंट मंजूर झाले.

आपल्या प्रेसवर क्युरिंग (राळ कायमची घट्ट होण्याची क्रिया) सुरू होताच साचा क्षणभर उघडून गॅस सोडावा लागतो, ज्याला आपण ब्रीदिंग म्हणता, आणि ते चुकले की भागावर फुगा येऊन तो रिजेक्ट होतो. तो फुगा म्हणजे बेकलंड ज्याच्याशी झगडत होते तोच बुडबुडा आहे. आपल्या साच्याचे दीडशे ते एकशे ऐंशी अंश तापमान आणि प्रेसचे टनेज (दाब) हे दोन्ही मिळून त्या मूळ पेटंटातील युक्तीच रोज वापरतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बेकलंड यांनी केलेल्या तीन अवस्थांच्या वर्गवारीत आहे. पहिल्या अवस्थेत राळ पातळ असते किंवा सहज विरघळते. दुसऱ्या अवस्थेत ती घन होते, पण उष्णतेने अजून मऊ पडते. आपल्या पोत्यातली पावडर, लाकडाचे बारीक पीठ आणि रंग मिसळलेली, याच मधल्या अवस्थेतील असते. साच्यात तिसरी अवस्था येते आणि रेणू एकमेकांना चहूबाजूंनी असे जोडले जातात, की नंतर तो पदार्थ वितळत नाही आणि विरघळतही नाही. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे आहे. शेजारच्या विभागातील नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन मात्र तापले की वितळते आणि थंड झाले की घट्ट होते, त्यात रेणूंची नवी जोडणी होत नाही; म्हणून त्यांचा रनर ग्राइंडरमधून पुन्हा यंत्राच्या हॉपरमध्ये (भरणपेटीत) जाऊ शकतो.

प्रश्न : बेकलंड हे चांभारकाम करणाऱ्याचे पुत्र होते असे कळले. परक्या देशात जाऊन त्यांनी एवढे कसे साधले? माझ्या वर्गातील अनेक मुलांचे पालक कामासाठी दुसऱ्या राज्यांतून किंवा खानदेशातून नाशिकला आले आहेत. त्यांना सांगण्यासारखे काही यात आहे का?
(एक शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर : बेकलंड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील जोडे दुरुस्त करत आणि आई घरकामाला जात असे. मुलाने लवकर हाताला काम धरावे, अशी वडिलांची इच्छा होती, पण आईने त्याच्या शिक्षणाचा आग्रह सोडला नाही. शाळेतील कामगिरीमुळे त्यांना गेंट नगराची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते विद्यापीठात गेले. १८८४ मध्ये, वयाची एकविशी पूर्ण होण्याच्या आसपास, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आपल्या विद्यार्थ्यांना सांगताना हा भाग घाईने उरकू नये, अशी माझी विनंती आहे. परदेशातील पराक्रमापूर्वी एका सार्वजनिक शिष्यवृत्तीने आणि एका आईच्या हट्टाने हा मुलगा घडवला होता. ती शिष्यवृत्ती नसती, तर पुढचे काहीच झाले नसते.

१८८९ मध्ये त्यांचा विवाह त्यांचे प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्स यांची कन्या सेलीन हिच्याशी झाला, आणि प्रवासासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर हे जोडपे अमेरिकेला गेले. तेथे कायमचे राहण्याचा बेत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांनी त्यांना तेथेच राहण्याचा सल्ला दिला आणि फोटोग्राफीचे साहित्य बनवणाऱ्या अँथनी कंपनीत त्यांना काम मिळाले. म्हणजे नव्या देशात ओळख देणारा एक वडीलधारा माणूस त्यांना लाभला. स्थलांतरितांच्या यशकथा सांगताना अशा माणसांचा उल्लेख आपण गाळतो, आणि मग मुलांना वाटू लागते की सगळे एकट्यानेच करायचे असते.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केले आणि एकाच वेळी अनेक शोधांच्या मागे लागले. पैसे संपले, कर्ज झाले आणि त्यातच गंभीर आजाराने त्यांना अंथरुणावर खिळवले. त्या आजारपणात त्यांनी ठरवले की दहा अर्धवट कामांऐवजी जे लवकर हाती येईल असे एकच काम पूर्ण करायचे. ते काम म्हणजे व्हेलॉक्स हा फोटो छापण्याचा कागद. तोवर छायाचित्र बहुधा उन्हात छापावे लागे. व्हेलॉक्स दिव्याच्या उजेडात छापता येई. १८९३ हे अमेरिकेतील मंदीचे वर्ष असल्याने भांडवल मिळणे कठीण होते, तरी लिओनार्ड जेकोबी हा भागीदार मिळाला आणि याँकर्स गावी नेपेरा केमिकल कंपनी उभी राहिली. मुरलेल्या व्यावसायिक छायाचित्रकारांना आपली पद्धत बदलायची नव्हती. हौशी छायाचित्रकारांनी मात्र सूचना नीट वाचल्या आणि कागद स्वीकारला. १८९७ मध्ये बेकलंड अमेरिकेचे नागरिक झाले. १८९९ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. बहुतेक चरित्रांत साडेसात लाख डॉलर ही रक्कम दिलेली आढळते. बेकेलाइटचे संशोधन ज्या प्रयोगशाळेत झाले, ती याँकर्समधील त्यांच्या घराच्या आवारातच होती आणि ती या पैशातून उभी राहिली होती.

प्रश्न : सातपूरला माझा छोटा मोल्डिंगचा कारखाना आहे. एका मोठ्या ग्राहकाने नव्या मटेरियलमध्ये भाग बनवून देण्याची तयारी विचारली आहे. बँक कर्ज देण्यास तयार आहे आणि दोन नवे प्रेस घ्यावेत असा घरच्यांचा आग्रह आहे. बेकलंड यांनी कारखाना कसा उभा केला, स्पर्धकांना कसे तोंड दिले, हे सविस्तर सांगावे.
(एक लघुउद्योजक, सातपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बेकलंड यांच्या चरित्रातील सर्वांत शिकण्यासारखा भागही तोच आहे. चुका लहान प्रमाणावर करा आणि नफा मोठ्या प्रमाणावर मिळवा, असे ते सांगत, आणि स्वतः तसेच वागत.

हे त्यांना कोडॅकच्या व्यवहारानंतर दुसऱ्याच एका उद्योगात उमगले होते. मिठाच्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढण्याच्या एका नव्या सेलवर (विद्युत घटावर) सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. ते सेल पुढे नायगारा धबधब्याजवळच्या हुकर कंपनीच्या मोठ्या कारखान्यात बसले, पण त्याआधी ब्रुकलिनमध्ये लहान प्रायोगिक संच चालवून त्यातील उणिवा एकेक करून दूर केल्या गेल्या. रसायनशाळेतील काचेच्या भांड्यात जे सुरळीत चालते, ते कारखान्याच्या टाकीत चालेलच असे नाही. अधल्यामधल्या आकाराचा संच चालवून पाहिल्याशिवाय पैसा गुंतवू नये, हा धडा त्यांनी तेथून घेतला.

बेकेलाइटच्या वेळी त्यांचा मूळ विचार तर कारखाना काढण्याचाही नव्हता. आपण पेटंट धारण करावे, परवाने द्यावेत आणि इतरांनी माल बनवावा, असे त्यांनी ठरवले होते. फेब्रुवारी १९०९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क शाखेपुढे त्यांनी या पदार्थाची जाहीर माहिती दिली, तेव्हा चौकश्यांचा ओघ सुरू झाला. पण प्रत्यक्षात रबर आणि सेल्युलॉइडच्या सवयीचे कारखानदार ही राळ नीट हाताळू शकत नव्हते. तापमान थोडे चुकले, किंवा पुढची अवस्था आधीच आली, की अख्खी बॅच भांड्यातच दगड होऊन बसे. याच काळात न्यू जर्सीतील बूनटन रबर कंपनीने या मालापासून वेस्टन कंपनीच्या विद्युत मापन यंत्रांसाठी बॉबिनची (तार गुंडाळण्याच्या रिळांची) टोके घडवली. ते काम नेटके झाले, कारण आकाराने छोटा आणि अचूकतेची गरज असलेला तो भाग या पदार्थाला साजेसा होता. तरी एकूण अनुभव असा, की दुसऱ्याच्या हाती कृती देऊन भागणार नाही. म्हणून १९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी स्थापन झाली आणि न्यू जर्सीतील पर्थ अँबॉय येथे उत्पादन सुरू झाले. तोवर राळ याँकर्सच्या प्रयोगशाळेतच, अंड्याच्या आकाराच्या एका लोखंडी दाबपात्रात बनत असे. ‘ओल्ड फेथफुल’ या टोपणनावाचे ते पात्र आता अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

१९०७ च्या पेटंट अर्जापासून १९१० च्या कंपनीपर्यंतची ही तीन वर्षे मला फार मोलाची वाटतात. हाताशी पैसा होता, पेटंट येऊ घातले होते, बाजारात विजेच्या उद्योगाची भूक वाढत होती. असे असूनही त्यांनी प्रयोगशाळेतच बॅचमागून बॅच काढून प्रत्येक ग्राहकाच्या गरजेप्रमाणे भरण (लाकडाच्या पिठासारखा राळेत मिसळायचा पदार्थ) आणि प्रमाण बदलून पाहिले.

स्पर्धकांबाबत त्यांचे वागणे कठोरही होते आणि समंजसही. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हे अभियंते स्वतंत्रपणे याच शोधापाशी पोहोचले होते, पण पेटंट कार्यालयात ते एक दिवस उशिरा गेले. पुढे ब्रिटनमधील बेकेलाइट कंपनीचे अध्यक्ष तेच स्विनबर्न झाले. अमेरिकेत रेडमॅनॉल आणि कंडेन्साइट या दोन कंपन्या अशाच राळा विकत होत्या. बेकलंड यांनी पेटंटभंगाचे दावे लावले आणि न्यायालयात आपली बाजू राखली. जिंकल्यानंतर त्यांनी त्या कंपन्या बुडवल्या नाहीत. १९२२ मध्ये तिघांचे विलीनीकरण होऊन बेकेलाइट कॉर्पोरेशन निर्माण झाले. मूळ पेटंटाची मुदत १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर संपणारच होती, आणि तोवर तिन्हीकडील तज्ज्ञ, ग्राहक आणि कारखाने एका छताखाली आलेले असणे हे कोणत्याही निकालपत्रापेक्षा अधिक उपयोगी होते.

आपल्यापुरते सांगायचे, तर दोन प्रेस घेण्यापूर्वी ग्राहकाकडून एक सिंगल कॅव्हिटी (एका वेळी एकच भाग काढणारा) ट्रायल साचा मंजूर करून घ्यावा, आपल्याच जुन्या प्रेसवर त्या मटेरियलच्या वेगवेगळ्या लॉटचे भाग काढावेत, आणि आकुंचन, क्युरिंगचा वेळ व रिजेक्शनचे प्रमाण लिहून ठेवावे. पावसाळ्यात पावडर ओलावा धरते, तेव्हाचे भागही पाहावेत. ट्रायलचा खर्च कोण उचलणार, हे लेखी ठरवून घ्यावे. त्या नोंदी हाती आल्यावर दोन प्रेस हवेत की एकच पुरेल, हे आपल्यालाच स्पष्ट दिसेल, आणि बँकेसमोरही आपण अधिक भक्कम पायावर उभे असाल.

प्रश्न : बेकेलाइटमुळे भारतातील लाखेचा व्यापार बुडाला का?
(एक निवृत्त वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : पूर्ण बुडाला नाही, पण त्याचा एक मोठा आधार हळूहळू गेला. लाख हा पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील सूक्ष्म कीटकांचा स्राव असतो आणि त्याचा जगातील प्रमुख पुरवठादार भारतच होता. छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा झालेली लाख मिर्झापूर आणि कलकत्त्यामार्गे परदेशी जाई. विजेच्या उद्योगात तारांच्या वेटोळ्यांना निरोधक लेप म्हणून तिला मागणी वाढली आणि भाव चढले, म्हणूनच बेकलंड पर्यायाच्या शोधात निघाले होते. विद्युत निरोधकांत बेकेलाइटने बाजी मारली. ग्रामोफोनच्या तबकड्या मात्र पुढेही काही दशके लाखेच्याच बनत राहिल्या. कृत्रिम पदार्थांची स्पर्धा वाढत असतानाच, १९२४ मध्ये, रांचीजवळ नामकुम येथे लाखेवरील संशोधन संस्था स्थापन झाली. जंगलात लाख गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा या साऱ्या भावांच्या चढउतारात काहीच अधिकार नव्हता, आणि प्लॅस्टिकच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, याची मला खंत वाटते.

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदवीला आहे. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी मला हा विषय घ्यायचा आहे. आज गोदावरीच्या काठावर प्लॅस्टिकचा कचरा दिसतो. मग बेकलंड यांचा गौरव करावा की त्यांना दोष द्यावा?
(एक विद्यार्थी, गंगापूररोड)

उत्तर : गोदाकाठी दिसणाऱ्या पिशव्या बहुतांशी पॉलिथिनच्या असतात. तो पदार्थ १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला आणि बेकलंड यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांचा पदार्थ टिकण्यासाठी बनवलेला होता: स्विच, होल्डर, टेलिफोनची कवचे, मोटारीच्या इग्निशनचे भाग. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये जी बंदी आणली, ती एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आहे. हा फरक आपल्या प्रकल्पात स्पष्ट यावा. तरीही पूर्णतः कृत्रिम राळ कारखान्यात हवी तशी घडवता येते, हे जगाला प्रथम दाखवले ते बेकलंड यांनीच. त्यामुळे नंतर आलेल्या सगळ्यांची वाट त्यांनी मोकळी केली, हेही तितकेच खरे आहे.

मला अधिक गंभीर वाटतो तो कामगारांचा प्रश्न. फिनॉल त्वचेवर पडले तर भाजते आणि त्या जागी बधिरता आल्याने इजा लगेच कळत नाही. फॉर्माल्डिहाइडने डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. उष्णतेला टिकाव धरावा म्हणून जुन्या काळी मोल्डिंगच्या मिश्रणात अ‍ॅस्बेस्टॉसही घालत असत. यातली किंमत याँकर्सच्या मालकापेक्षा यंत्रावर उभ्या राहणाऱ्यांनी अधिक मोजली. आजही मोल्डिंग शॉपमध्ये प्रेसच्या वर चालू स्थितीतील एक्झॉस्ट आहे की नाही, फ्लॅश (भागाच्या कडेचा जादा पापुद्रा) घासताना उडणारी धूळ कोणाच्या नाकात जाते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

बेकलंड यांनी १९३९ मध्ये आपली कंपनी युनियन कार्बाइडला विकली आणि २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे त्यांचे निधन झाले. युनियन कार्बाइडचे नाव आपल्याला १९८४ च्या भोपाळमुळे ठाऊक आहे. त्या दुर्घटनेपूर्वी चाळीस वर्षे बेकलंड या जगात नव्हते, म्हणून त्या पापाचे ओझे त्यांच्यावर टाकणे योग्य होणार नाही.

प्रकल्पासाठी एक सुचवतो. अंबडच्या एखाद्या लहान कारखान्याची परवानगी काढून तेथील थर्मोसेट (एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या प्लॅस्टिकच्या) भंगाराचे काय होते, याचा माग काढावा. असा रिजेक्ट माल वितळत नसला, तरी बारीक दळून नव्या मिश्रणात थोड्या प्रमाणात भरण म्हणून घालता येतो. मात्र तो पॉलिप्रॉपिलीनच्या भंगारात मिसळला, तर तेही खराब होते आणि दोन्ही कचऱ्यात जातात. वेगळा ठेवण्याची सोय शॉपमध्ये आहे का, दळायला किती खर्च येतो आणि तो दळलेला माल घ्यायला कोण तयार होतो, एवढी माहिती नीट मिळाली तरी आपल्या प्रकल्पाला भरपूर विषय मिळेल.